खिळ्याला टांगलेली नान

शाळेतल्या बाई मुअत्तर-ओपा, म्हणजे मुअत्तरताई, यांच्या नजरेत ओयदिन भरली ती आठवीच्या वर्गात. मागच्या बाकावरून कट्‌ असा आवाज आला. पोरगी दातांनी जर्दाळूच्या बिया फोडून मैत्रिणींना वाटत होती.

"दात आहेत की अडकित्ता गं?" बाईंनी विचारलं. वर्ग हसला. ओयदिनने एक बी बाईंच्याही हातावर ठेवली.

पुढे तिने डॉक्टर होण्याचा ध्यास घेतला. उझबेकिस्तानातल्या मार्गिलानच्या तिच्या गल्लीतून तोवर कुणी डॉक्टर झालं नव्हतं. प्रवेश परीक्षेला निघताना तिच्या आईने, हासियतने, रिवाजाप्रमाणे तिला ताज्या नानचा एक घास दातांनी तोडायला लावला. उरलेली नान खिळ्याला टांगायची, काम फत्ते करून आलेल्या माणसाने ती संपवायची. निरोपाला आलेल्या मुअत्तर-ओपांना नानच्या कडेला लाल डाग दिसला.

"दृष्ट लागली पोरीला," म्हणत हासियत धुरी पेटवायला उठली.

"दृष्ट कसली? हिरड्या सुजल्यात तिच्या. डॉक्टरला दाखव."

"दाखवू ना, ओपा. परीक्षा तेवढी होऊ दे."

बस सुटायची होती. बाईंनी ओयदिनची पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

त्या वर्षी प्रवेश हुकला, पुढच्याही वर्षी. खिळ्याला दोन नान झाल्या. ओयदिन पुस्तकावरच डोकं टेकून झोपायची, झोपेत दात करकरा चावायची, ब्रश करायचं राहूनच जायचं. बाई तिची फुकट शिकवणी घेत. गणित सोडवता सोडवता ती तोंडातलं रक्त गिळते, हे त्यांना दिसत होतं. "एवढा धडा संपवू, मग जाऊ दाताच्या डॉक्टरकडे," असं त्याही म्हणत राहिल्या.

तिसऱ्या परीक्षेनंतर तिघी एकदाच्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या.

"झोप लागते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"निकाल लागला की लागेल."

"सततच्या काळजीनं हिरड्या भरून येत नाहीत, पोरी. त्यात दात घासत नाहीस. आतलं हाड झिजलंय. आधी का नाही आणलंत हिला?"

हासियतने मुअत्तर-ओपांकडे पाहिलं. ओपा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

पुढचे दोन दात काढावे लागले. आठवड्याने निकाल लागला, तोही तसाच.

"पुढच्या वर्षी पुन्हा बसशील ना?" बाईंनी हळूच विचारलं.

"नान कशानं तोडू, ओपा?" ओयदिन तोंडावर हात धरून म्हणाली.

ओयदिन आता पंचवीस वर्षांची आहे. रेशमी कापडाच्या कारखान्यात घड्या घालते. जेवणाच्या सुट्टीत नान चहात भिजवून खाते.