कशाचा डाग ते विचारायचं नाही

आमच्या साडूंसारखा माणूस पिंपरी-चिंचवडमध्येच काय, चाकण ओलांडून पुढे गेलात तरी सापडायचा नाही, आणि हे मी कौतुकाने सांगतोय असं कुणी समजू नये. परवापर्यंत वर्षभर मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. पण खरं ते खरं. माणसाच्या अंगातून जे जे बाहेर पडतं आणि कपड्यावर जाऊन बसतं, रक्त, घाम, लघवी, उलटी, पू, ते कपड्याला न दुखवता उठवून लावणारा असा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तेलाचे, ग्रीसचे, हळदीचे डाग त्यांना कमअस्सल वाटत. "ते बाहेरचे पाहुणे, कुणीही घालवेल," म्हणायचे. "अंगातला डाग घरचा असतो, साडूभाऊ. तो हट्टाने बसतो. त्याला गोडीनं काढावं लागतं."

भोसरीतल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. मुलामा चढवण्याआधी पत्रा स्वच्छ करायचा, त्यावर बोटाचा ठसासुद्धा राहू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. ते काम त्यांच्या डोळ्यांत उतरलं होतं. घरी पाहुणा आला की ते आधी त्याच्या कॉलरकडे बघत, मग काखेकडे, आणि नमस्काराला हात जोडेपर्यंत तोंडाकडे पोचत. माझी मेहुणी आजही सांगते, "मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे कुठं बघितलं? पदरावर एक डाग होता, तासभर त्याच्याकडे बघत बसले. मला वाटलं, नापसंत केलं." त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात मीठ, खायचा सोडा, व्हिनेगरची बाटली, मेडिकलमधून आणलेलं पेरॉक्साइड आणि म्हातारे झालेले तीन टूथब्रश. लग्नाला, बारशाला, मयतीला, कुठेही निघाले तरी तो डबा पिशवीत असायचाच.

रक्ताच्या डागावर कुणी गरम पाणी ओतलेलं दिसलं की हा शांत माणूस पिसाळायचा. "शिजवलंत! शिजवलंत त्याला! अंडं शिजल्यावर परत पातळ होतं का?" मग थंड पाणी, मूठभर मीठ, आणि रात्रभर कुणी हात लावायचा नाही. घामाने पिवळ्या पडलेल्या बनियनवर कुणी ब्लीच टाकलं तर त्या माणसाशी ते आठवडाभर बोलत नसत, कारण त्याने पिवळेपणा आणखी पक्का होतो. आमच्या नात्यातल्या एका नवरदेवाला दाढी करताना कापलं आणि ऐन मुहूर्ताला पांढऱ्या शेरवानीच्या गळ्यावर रक्ताचा ठिपका पडला. सगळे धावले. साडूंनी सगळ्यांना बाजूला केलं, खिशातून स्वच्छ रुमाल काढला आणि नवरदेवासमोर धरून म्हणाले, "थुंका." व्याही हबकले. नवरदेव म्हणाला, "काका, काय बोलताय?" साडू म्हणाले, "ज्याचं रक्त त्याचीच थुंकी, जुने शिंपी सुई टोचली की हेच करतात. दुसऱ्याची चालत नाही. थुंका लवकर, मंगलाष्टकं सुरू होतील." दोनशे माणसांसमोर तो मुलगा रुमालात थुंकला, आणि अंतरपाट धरेपर्यंत ठिपका गेलेला होता. नवरीच्या आजीला ते अजून पचलेलं नाही.

पण त्यांचा खरा नियम वेगळा होता. कशाचा डाग, कुणाचा, कसा पडला, हे ते कधी विचारत नसत. त्यांच्या वरच्या खोलीत चाकणच्या कंपनीत जाणाऱ्या चार मुली भाड्याने राहायच्या. फिक्या रंगाचा युनिफॉर्म, बारा तासांची शिफ्ट, येता-जाता कंपनीची बस. कधी एखादी पाठीमागे ओढणी बांधून, भिंतीच्या कडेकडेने जिना चढताना दिसली की साडू सामायिक नळावर जात, बादलीत थंड पाणी भरत, मीठ टाकत आणि आकाशाकडे बघत मोठ्याने जाहीर करत, "बादली भरून ठेवलीय बुवा, मी जरा बाहेर जाऊन येतो." मग अर्धा तास कोपऱ्यावरच्या टपरीपाशी उभे राहत. ते चहा पीत नसत, नुसते उभे राहत. मी एकदा त्यांना म्हटलं, "दुकान काढा राव. पाटी मी लावून देतो, गिऱ्हाईक मी आणतो." तर म्हणाले, "दुकान काढलं की पावती आली. पावतीवर लिहावं लागतं, कशाचा डाग. मग कोण येईल?"

मी तेव्हा पोट धरून हसलो होतो.

आता माझं सांगतो. माझा धंदा जुन्या मशिनींचा. बंद पडलेल्या कारखान्यातून लेथ, ड्रिल, प्रेस उचलायचे, नीट करून विकायचे. मराठवाड्यातून एक पिशवी घेऊन आलो होतो. आज निगडीला प्राधिकरणात स्वतःचा फ्लॅट आहे, तो मला कुणी आंदण दिलेला नाही. मशीनला नवा रंग दिसला की मी आधी नखाने खरवडून बघतो, कारण नव्या रंगाखाली हमखास चीर बुजवलेली असते. या माणसापुढे लबाडी चालत नाही, असं लोक माझ्या पाठीमागेही म्हणतात. तर अशा माणसाच्या घरात त्याचा बाप सात महिने पांढरेशुभ्र पायजमे घालून हिंडत होता, आणि त्या शुभ्रपणाला नख लावून बघायचं मला सुचलं नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दर गुरुवारी निगडीहून बस पकडून भोसरीला साडूंकडे जायचे. गुरुवारी तिथल्या कारखान्यांना सुट्टी असते, साडू घरी असायचे. अण्णा म्हणायचे, पत्ते खेळायला जातो. हातात कापडी पिशवी असायची. मला बरंच वाटायचं, म्हाताऱ्याचा वेळ जातो. घरी ते सारखे धने-जिऱ्याचं पाणी प्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "उन्हाळी लागलीय." ऐन थंडीतही त्यांची उन्हाळी चालू होती, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

होळीच्या सुमारास अण्णा बाथरूममध्ये पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "लघवीतून रक्त केव्हापासून जातंय?" मी म्हटलं, "रक्त? छे हो." अण्णा छताकडे बघायला लागले. आणि पलंगाच्या पायथ्याशी उभे असलेले आमचे साडू खाली मान घालून म्हणाले, "गणपतीच्या आधीपासून."

मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर बाकड्यांवर माणसं बसली होती, त्यांची मी फिकीर केली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पायजमे माझ्याकडेच येत होते."

"आणि तुम्ही धूत बसलात! बापाचं रक्त माझ्या, आणि मीठ लावून गटारात सोडताय तुम्ही! सात महिने!"

"अण्णा म्हणाले होते, कुणाला बोलू नको."

"मग तुम्ही तोंडाला कुलूप घातलंत? मला एक फोन करता येत नव्हता?"

"डॉक्टरकडे चला असं दर गुरुवारी म्हणायचो. ते म्हणायचे, पुढच्या गुरुवारी जाऊ."

"मला का नाही सांगितलं ते बोला!"

 साडू अगदी हळू म्हणाले, "गादीचं अण्णा विसरले नव्हते."

दोन वर्षांपूर्वी तापात अण्णांना अंथरुणात झाली होती. गादी नवी होती. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं होतं, एवढं मला आठवतं. ती गादी गच्चीवर वाळत घालताना अण्णा एकटे होते. त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही, आणि मी समजलो, विषय संपला. आयुष्यभर भाव करत आलो, समोरच्याने काहीही म्हटलं तरी माझ्याकडे उत्तर तयार असतं.  त्या दिवशी मी नुसता आणखी मोठ्याने ओरडलो. म्हटलं, "आजपासून माझ्या घराची पायरी चढायची नाही." आणि त्यांनी ते ऐकलं. हा माणूस सांगितलेलं नेहमीच ऐकायचा, रोग तोच होता.

मूत्राशयात गाठ होती. अण्णा उन्हाळा संपायच्या आत गेले. थोडं आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेराव्याला साडू आले, दारातूनच फोटोला हात जोडून परत गेले. बायको म्हणाली, "दाजींना आत तरी बोलवा." मी बोलावलं नाही. माझी ती तक्रार मी आजही मागे घेतलेली नाही. मी बापावर ओरडलो हा माझा गुन्हा, तो मला मान्य आहे. पण माझा गुन्हा आहे म्हणून त्यांचा माफ होत नाही. अब्रू झाकायला माणूस आधी जिवंत लागतो, एवढं त्यांना कळायला हवं होतं.

परवा महाळुंगेला बायकोच्या भावाच्या मुलीकडे बारसं होतं. कंपन्यांच्या मध्ये उरलेल्या चार घरांपैकी एक घर, अंगणात मांडव. बाळ माझ्याकडे दिलं, आणि त्याने माझ्या खांद्यावर भरपूर दूध ओकून टाकलं. सगळ्यांनी सवयीने साडूंकडे बघितलं. ते लगबगीने आले, पण शर्टाकडे न बघता त्यांनी बाळ हातात घेतलं. "कितव्यांदा ओकलं? रंग कसा होता? ताप आहे का? डॉक्टरला दाखवलं?" बाळाच्या आईचं तोंड उतरलं. एक म्हातारी ओरडली, "अहो, पोटभर पिऊन ढेकर दिली त्यानं! शुभदिवशी काय डॉक्टर डॉक्टर लावलंय?" तरी ते विचारतच राहिले.

मेहुणीने मला बाजूला घेऊन सांगितलं. आता ते असेच करतात. कुणी कपडा आणला की आधी चौकशी, कुणाचं, कधीपासून, घरी सांगितलं का, मीच सांगतो, नंबर द्या. वरच्या मुलींनाही ते एकदा डॉक्टरकडे चला म्हणाले. त्या बिचाऱ्या आता आपले कपडे खोलीतच धुतात. आता कुणीच काही आणत नाही. डबा माळ्यावर टाकलाय. "कारखान्यातून येतात आणि नुसते बसून राहतात," ती म्हणाली.

मला जे हवं होतं तेच झालं होतं. दवाखान्याच्या दारात ओरडून मी त्यांच्याकडून हेच मागितलं होतं.

पंगत बसली. जागा माझ्या शेजारीच रिकामी होती. ते पलीकडे उभे होते, कुठे बसावं ते न कळल्यासारखे. मी पत्रावळ जरा सरकवली आणि म्हटलं, "बसा." वर्षभरानंतरचा तो एक शब्द. ते बसले. वरण-भात आला, जिलबी आली. जेवता जेवता त्यांची नजर माझ्या खांद्याकडे गेली. दूध वाळून कडक झालं होतं. त्यांचा डावा हात किंचित उचलला गेला, मग त्यांनी तो परत मांडीवर ठेवला आणि पानाकडे बघत विचारलं, "तुमची तब्येत? सगळं तपासून घेतलंत ना?"

"घेतो," मी म्हणालो.

मग मी जिलबी वाढणाऱ्याला थांबवलं, पाणी मागितलं, ताक मागितलं. पंगत लांबेल तेवढी लांबवली. वाटत होतं, एकदा तरी ते माझ्यावर खेकसतील, असा शर्ट घालून कोण जेवायला बसतं म्हणून.