पांढऱ्या पिप्यापाशी

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा मी हिंगणघाटच्या एका गिरणीमालकांचं दोन माणसांचं छोटं विमान चालवायचे. गावाबाहेर मुरूम दाबून त्यांनी धावपट्टी केली होती. बाबांचं किराणा दुकान त्याच गावात. ‘आमची पोरगी विमान उडवते’ ही बातमी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला साबणाच्या वडीसोबत फुकट देत.

उड्डाण कधी सोडून द्यायचं, हे धावताना ठरवायचं नसतं. तेव्हा डोकं हट्टाला पेटलेलं असतं. अजून थोडं, अजून थोडं म्हणत माणूस कुंपणात जातो. म्हणून मी ते आधीच ठरवून टाकलं होतं. पट्टीच्या मध्यावर तेलाचा रिकामा पिपा चुन्याने रंगवून ठेवला होता आणि वेगाच्या तबकडीवर, हव्या त्या आकड्याशी, माझी लाल टिकली चिकटवली होती. पिप्यापर्यंत काटा टिकलीला लागला तर जायचं. नाही लागला तर थांबायचं, मनाला विचारत बसायचं नाही.

एका मे महिन्यात विमान देखभालीसाठी नागपूरला न्यायचं होतं. धाकट्या बहिणीचं सासर तिथलंच. मालक म्हणाले, “वडिलांनाही घेऊन जा.” झालं! बाबांनी गावभर आमंत्रणं केली. निघायच्या दिवशी पट्टीच्या कडेला ही गर्दी, आणि बाबा इस्त्रीच्या धोतरात. मी सामान पाहिलं, एक पिशवी होती. उन्हाने हवा विरळ होते आणि विमान उचलायला जड जातं, तेही हिशेबात धरलं. मग मालकांशी बोलायला जरा बाजूला गेले आणि येऊन इंजिन सुरू केलं.

विमान धावलं, पण नेहमीच्या जोमाने नाही. पिपा जवळ आला, काटा टिकलीच्या खालीच रेंगाळत होता. लोक हात हलवत होते. बाबाही हलवत होते. मी इंजिन कमी केलं आणि ब्रेक दाबले. बरीच पट्टी शिल्लक ठेवून आम्ही थांबलो.

“काऊन थांबली वं?” बाबांचा हात अजून हवेतच होता.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, “भेली पोरगी!” मी घाबरले म्हणून हशा पिकला. कान तापले माझे. गावासमोर बाबांची मान खाली घातली याचं वाईट वाटलं. थांबल्याचं मात्र जराही नाही.

“बाबा, मांग काय ठेवलं?”

“कायी नाई.”

“बाबा.”

“डाळ हाय थोडी. पोरीच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ का मी?”

थोडी म्हणजे तुरीच्या डाळीचं अख्खं पोतं! मी पाठ फिरवली तेवढ्यात दुकानातल्या दोन गड्यांकडून त्यांनी ते सीटच्या मागे कोंबलं होतं. जन्मभर तराजू धरलेला माणूस! मी तिथेच त्यांना फैलावर घेतलं. ते उतरले, गड्यांना हाक न मारता ते पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि हसणाऱ्या लोकांसमोर नेऊन टाकलं.

“पोरगी नाई भेली,” ते म्हणाले. “मी येडपट हाय.”



ऊन चढलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरवलं. बाबा आले ते हातगाडीवर दुकानातला वजनकाटा घेऊन. आधी पिशवी ठेवली, मग चपला काढून स्वतः चढले. गर्दी कालचीच होती.

आत बसल्यावर त्यांनी तबकडीकडे बोट केलं. “काटा त्या टिकलीले नाई लागला तं?”

“थांबीन.”

“लोकं पुन्हा हासतीन.”

“हासू द्या.”

त्यांनी पट्टा आवळला. विमान धावू लागलं. लोकांनी हात हलवले, पण आज बाबांनी तिकडे पाहिलंच नाही. गिऱ्हाईक समोर असताना काट्यावर ठेवायचे तशी नजर तबकडीवर रोखून, हात मांडीवर ठेवून ते बसले होते.

पिपा यायच्या आतच ते ओरडले, “लागला! ने आता, पोरी!”