डावी कूस

कापडे गावातल्या त्या घरी मी रोज सकाळी महाडहून एसटीने जायची. आजींना अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेली होती, बोलणंही जवळजवळ थांबलं होतं. मुलगा मुंबईला, घरात सून. दिवसा मी, संध्याकाळपासून दुसरी नर्स. तिला सगळे ताई म्हणायचे. मुंबईच्या हॉस्पिटलात तिने बरीच वर्षं काढली होती आणि माझ्याशी बोलताना ती वर्षं दर वाक्यात बाहेर यायची.

आजींच्या उजव्या खुब्यावर पडून पडून जखम झाली होती. ती भरायची तर त्यांना डाव्या कुशीवर ठेवणं भाग होतं. पण खाट भिंतीला लागलेली. उजवीकडे अंगण दिसायचं, डावीकडे नुसती भिंत. डावीकडे वळवलं की आजी रडायच्या. म्हणून ताई रात्रभर त्यांना उजवीकडेच ठेवायची. सकाळी मी पट्टी सोडली की जखम पुन्हा ओली. माझं डोकंच फिरायचं. हाडापर्यंत गेली तर आजी हातातून जाणार, हे ताईलाही कळत होतंच.

"पेशंट शांत पायजे, बाकी टेन्शन नको," ती म्हणायची.

मग मला एक शहाणपण सुचलं. दुपारी सून वाडीत गेलेली असताना शेजारणीला हाताशी घेऊन मी खाटच फिरवली. डोकं उत्तरेला केलं, म्हणजे डाव्या कुशीवरही अंगण दिसेल. आजी खूश. सून आली आणि दारातच किंचाळली, "दक्षिणेला पाय? आई जिती हाय अजून!"

चूक माझीच. जखमेच्या नादात दिशा लक्षातच आली नाही. मी माफी मागितली, खाट परत फिरवली. पण ताईला आयतं कोलीत मिळालं. संध्याकाळी तिने मुलाला फोनवर सांगितलं की ही पोरगी आईला रडवते आणि आता तर तिची शेवटची तयारी करायला निघाली. मुलाने मला स्पष्ट सांगितलं, अजून एक तक्रार आली तर दुसरी नर्स बघू. घरी जाताना मला रडू आलं ते रागाने.

पण हट्ट सुटेना. दुसऱ्या दिवशी नीट बघितलं. त्या भिंतीच्या टोकाला स्वयंपाकघराचं दार होतं. सुनेला विचारून खाट तशीच, डोकं दक्षिणेलाच ठेवून, खोलीच्या मध्यावर ओढली. आता डाव्या कुशीवरून थेट चूल दिसत होती. संध्याकाळी मात्र मी निघाले नाही. एसटी गेली तर गेली.

ताई आली. "ही खाट मधेच कशाला? पाय आपटतील."

"आपटू देत. आधी पट्टी तुमच्यासमोर सोडते."

"मी काय जखमा बघितल्या नाहीत?"

"मग ही पण बघा."

तिने बघितलं. मी म्हटलं, "ताई, हात लावा." आम्ही दोघींनी मिळून आजींना डावीकडे वळवलं. मी रडण्याची वाट बघत उभी. आजी चुलीकडे बघत राहिल्या. मग जड जिभेने, एकेक शब्द ढकलत म्हणाल्या, "गो... भात लागतोय."

सून धावली. भात खरंच लागत होता. पातेलं उतरवून ती तिथेच पदराला डोळे पुसत उभी राहिली. कितीतरी दिवसांनी सासूने तिला हाक मारली होती.

पुढे एकदा ताई व्हिडिओ कॉलवर मुलाला सांगत होती, "खाट मीच मधे घेतली, म्हणून जखम भरतेय." मी शेजारीच पट्टी गुंडाळत होते. अंगाचा तिळपापड झाला, पण गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा आजी डाव्या कुशीवर होत्या, दोन गुडघ्यांमध्ये उशीही होती. जखमेत गुलाबी मांस धरत होतं.

श्रेय घेऊ दे तिला. खाट परत भिंतीला लागलेली दिसली असती, तर मात्र मी सगळं कापडे गाव गोळा केलं असतं.