बशीतल्या पेशींची साक्ष

पहाटे साडेचारला मावशींचा दिवस सुरू व्हायचा. नवऱ्याच्या गोळ्या काढून ठेवायच्या, पोटात पाणी किती चढलंय ते बघायचं, आणि उजाडायच्या आत प्रयोगशाळा गाठायची. काम बाटल्या धुण्याचं. ब्रश, साबण, नळाचं पाणी, मग शुद्ध पाण्याने खळखळून, पुन्हा, पुन्हा. साबणाचा अंश राहिला तर पेशी मरतात. पेशी माणसाच्या यकृताच्या, काचेच्या बशीत वाढवलेल्या. संशोधन करणाऱ्या मॅडम त्यांना चरबी पाजून फुगवायच्या आणि औषधं घालून बघायच्या. मावशींच्या बाटलीला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती.

नवरा शिंपी. मशीनवर बसून बसून पोट सुटलं, मधुमेह जडला, यकृतात चरबी साठली आणि शेवटी ते निकामी झालं. दारू त्याने चाखलीही नव्हती. धाकट्या दिराचं यकृत जुळत होतं. त्यातला तुकडा मिळाला तर माणूस वाचणार होता. दीर अडून बसला.

"दारुड्यासाठी मी माझं पोट फाडून घेऊ?"

"भाऊजी, डॉक्टरच सांगतात, हे दारूने झालेलं नाही."

"तुम्ही रडलात, म्हणून ते तसं बोलले."

"आमच्याकडे येऊन पेशी बघा. दारूचा थेंब न घालता चरबीने गच्च भरतात. मी डोळ्यांनी पाहिलंय."

दीर खो खो हसला. "वहिनी, आता बशीतल्या पेशी साक्षीला आणता काय?" जाऊही तोंड दाबून हसली.

पुढच्याच आठवड्यात मॅडम खुशीत होत्या. नव्या औषधाने पेशींतली चरबी उतरली होती.

"मॅडम, ते आमच्या ह्यांना…"

"मावशी, ह्या बशीतल्या पेशी. औषध माणसापर्यंत यायला दहा वर्षं. तीही आलं तर."

मावशी मोरीकडे वळल्या. राहिलेल्या बाटल्या धुतल्या. खळखळण्याचं एकही पाणी कमी केलं नाही.

महिन्याभरात नवरा गेला. दारात जमलेल्यांना दीर सांगत होता, "किती समजावलं. पण सवय सुटते का?"

दुसऱ्या दिवशी मावशी निधनाची जाहिरात द्यायला वर्तमानपत्राच्या कचेरीत गेल्या.

"फोटो, नाव, वय," कारकून म्हणाला. "एवढं पुरे."

"खाली लिहा, यांनी आयुष्यात कधी दारू घेतली नाही."

"असं कोणी छापत नाही, बाई. आणि शब्दाला पैसे पडतात."

"मग ठळक छापा. पहिल्या पानावर."

ऑपरेशनसाठी पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पगार त्या ओळीत गेला.