उलटा कोरलेला खडा

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मी भोकरदन तालुक्यातल्या एका म्हातारीला खोटं सांगितलं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — घरी नाही, वर्तमानपत्राच्या कचेरीत तर नाहीच.

तिचं नाव कौसाबाई. घराच्या माळवदी छतावर टाकायला गावाबाहेरच्या टेकाडावरून पांढरी माती खणताना तिला नखाएवढा तांबडा खडा सापडला. त्यावर भाला धरलेला माणूस कोरलेला. खडा फार जुना, राजेराण्यांच्या काळातला आहे असं ती सांगत राहिली, गाव तिला खोटारडी म्हणत राहिलं. मी जालन्याहून बातमीसाठी गेलो, फोटो काढला, तो एका सराफाला दाखवला. भाला डाव्या हातात आहे — शिकाऊ हाताचं काम, जत्रेतली काच, असं तो म्हणाला. मी तेच छापलं. आणखी कुणाला विचारलं असतं तर? विचारलं नाही.

पुढे पुरातत्त्वाच्या एका प्राध्यापकांनी तो फोटो पाहिला. काच नाही, अकीकाचा दगड दिसतो, ते म्हणाले, आणि कोरीव काम रोमन आहे. तिकडचे लोक असा खडा अंगठीत बसवत. पत्रावर, मालाच्या गाठोड्यावर मेण लावून ती दाबत. उमटलेला ठसा म्हणजे त्या माणसाचा शब्द. ठसा सुलट यावा म्हणून खडा उलटाच कोरत. व्यापाऱ्यांबरोबर तो इकडे आला असणार. बाईंना जपून ठेवायला सांगा, असंही म्हणाले.

ते सांगायलाच मी गावात गेलो. पण माझी बातमी सगळ्यांनी वाचलेली. पारावर मला खुर्ची दिली, चहा आला. म्हातारीचं पितळ उघडं पाडलं म्हणून एकाने पाठ थोपटली. मी तेव्हाच का बोललो नाही?

कौसाबाई आली. मागे सून. पदराची गाठ सोडून तिने खडा माझ्या हातावर ठेवला.

"दादा, तू शिकेल माणूस. समद्यांसमोर सांग. मी खोटी हाये का?"

"सांगा साहेब एकदाचं," सून म्हणाली. "घरात दुसरी गोष्टच न्हाई."

मी खडा उजेडात धरला. भाला डाव्या हातातच होता.

"काचच आहे, मावशी."

"चला राणीसाहेब, राज्य बुडालं," कुणीतरी म्हणालं. हशा झाला. कौसाबाईने खडा माझ्या हातातून घेतला आणि ती पाराजवळच्या आडाकडे चालत गेली. मला उठायला वेळ होता. मी खुर्चीतच होतो. खडा पाण्यात पडल्याचा आवाज आला.