कोरडी दाढी

लढाईच्या दिवसांत रिसोडच्या बाजारात मी माठ घ्यायला गेलो होतो, पण कुंभारीण माझ्याकडे बघायलाच तयार नव्हती. तिच्या मडक्यांपुढे अर्धवट पिकलेल्या दाढीचा एक शेतकरी गुडघे टेकून बसला होता. शेजारी त्याचा कुत्रा; त्यालाही बोकडासारखी दाढी. पाणी पिताना कुत्र्याची दाढी भिजणार नाही, असं भांडं त्याला हवं होतं.

"कुत्र्यानं तोंड लावलेलं मडकं कोन घेईन मंग?" कुंभारीण कडाडली.

"त्याले नाही लावू देत. माहीच दाढी बुडवून पाह्यतो."

आणि खरंच, तो एकेका भांड्यात पाणी ओतून वाकू लागला. पसरट परळात दाढी भिजली, कुंडीत भिजली. बाजार हसत होता; हा पठ्ठ्या दाढी पिळून पुढचं भांडं ओढत होता. शेवटी अरुंद तोंडाचं, जड बुडाचं एक मडकं सापडलं. जीभ आत, दाढी बाहेर.

मी वैतागून म्हणालो, "बाबा, कुत्र्याची दाढी घडीभरात वाळते. कायले एवढा कुटाणा?"

"माही माय आंधळी हाये. मी वावरात गेलो का हा तिच्या बाजेपाशी बसते. ती याची दाढी चाचपते, अन् मीच हाये समजते. वल्ली लागली का जेवतच नाही. म्हन्ते, माहा पोरगा रडून राह्यला."

ऊन कडक होतं, त्याचं गाव लांब. दाढी वाटेतच वाळली असती. तरी मडकं काखोटीला मारण्याआधी त्यानं धोतराच्या सोग्यानं स्वतःची दाढी खसाखसा पुसली.