त्याला तोंडी परीक्षा लिहून द्यायची होती

हे मी लिहावं का, याचीच खात्री नाही, म्हणून आधी माफी मागतो. मला ऑटिझम नाही आणि मी बौद्ध घरातलाही नाही. नशिराबादच्या शेतकरी घरातला, आमच्याकडून कॉलेजात गेलेला पहिला. ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझ्याहून चांगलं लिहितो. त्याला विचारलं तर म्हणाला, "लिही. नाव टाकू नको. आणि मला बिचारा करू नको." बिचारा तो कधी नव्हताच.

जळगावच्या कॉलेजात आम्ही रसायनशास्त्राला एकत्र होतो. तो भुसावळहून रोज यायचा. वडील रेल्वेत गँगमन, मोठी बहीण नर्स. त्याला ऑटिझम आहे हे आधी तिनंच ओळखलं, मग दवाखान्यातून रीतसर दाखला मिळवला. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलणं त्याला जमत नाही. अचानक प्रश्न अंगावर आला की पाठ असलेलं उत्तरही घशात अडकतं. तोच प्रश्न कागदावर द्या, तो पानं भरून देतो. म्हणून त्याचं मागणं एकच होतं: शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा आपल्याला लिहून देऊ द्यावी. तीत नापास झाला तर पदवी अडकणार होती.

त्या हिवाळ्यात वर्गाची भरीत पार्टी यावल रस्त्यावर एका वर्गमित्राच्या शेतात झाली. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी उखळीत ठेचली, केळीची पानं मांडली. आमच्याकडे भरीत खायचं ते मांडीला मांडी लावून, आरडाओरडा करत. त्याला गोंगाट सहन होत नाही, एका पदार्थाला दुसरा लागलेला चालत नाही. तो घरून स्वतःचं ताट घेऊन आला होता. ते घेऊन विहिरीजवळ एकटा बसला.

"काय भो, तुझ्या दोस्ताले माज शे का?" एकानं मला विचारलं.

"साहेब होणार आहे तो. आतापासून सवय करतोय," दुसरा म्हणाला आणि सगळे हसले.

मी म्हटलं, "त्याला आवाजाचा त्रास होतो."

"आवाजाचा? आणि जयंतीच्या डीजेचा नाही होत?"

तो डीजेच्या जवळपासही जात नाही, घरात कानात कापूस घालून बसतो. पण हे ऐकायला कोणी थांबलं नाही. ज्याचं शेत होतं त्या मित्राची काकू भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "बसू दे त्याले तठेच. बरं शे ते." तिला बरं का वाटलं, हे पुढच्याच क्षणी दिसलं. आमच्या पानात तिनं भाकरी हातानं ठेवली. त्याच्या ताटात मात्र हात उंच धरून वरून सोडली.

परतताना बसमध्ये तो खिडकीकडे पाहत म्हणाला, "मी माझ्यासाठी लांब बसलो होतो. तिनं मला तिच्यासाठी लांब ठेवलं."

आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. तो लांब बसला तर कोणाला माज दिसला, कोणाला जात दिसली. ऑटिझम एकालाही दिसला नाही. आमच्याच कॉलेजात एका डॉक्टरांचा मुलगा होता. तोही कोणाशी बोलायचा नाही. त्याला सगळे कौतुकानं 'शास्त्रज्ञ' म्हणत. आदल्या वर्षी त्याची तोंडी विभागप्रमुखांनी स्वतःच्या केबिनमध्ये एकट्याची घेतली होती, आधी चहा पाजून. दाखला कोणी मागितला नव्हता.

अर्ज घेऊन आम्ही त्याच विभागप्रमुखांकडे गेलो. दारात तो मला म्हणाला, "तू माझ्या वतीनं बोलू नको. नुसता थांब."

सरांनी अर्ज चाळला आणि मला विचारलं, "काय झालंय याला?"

"सर, त्यालाच विचारा ना."

त्यांनी नाही विचारलं. "हे ऑटिझम वगैरे इंग्रजी शाळेतल्या पोरांना होतं. घरात बोलायचं वळण नसलं की मुलं घुमी होतात, एवढंच." मग प्रथमच त्याच्याकडे वळून म्हणाले, "एका सवलतीवर आत आलात ना? आता दुसरी? किती घेणार रे तुम्ही लोक?"

त्यानं खिशातलं पेन काढलं, अर्जाच्या पाठीमागे काहीतरी लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. मला वाचता आलं: 'पहिली आजोबांना शाळेच्या ओट्याखाली बसवलं म्हणून आहे. दुसरी माझ्या मेंदूसाठी आहे. एकीनं दुसरी फिटत नाही.'

सरांनी तिकडे पाहिलंही नाही. "तोंडानं सांग."

त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"बघ," सर मला म्हणाले, "हा उद्धटपणा."

जो बोलू शकत नाही म्हणून अर्ज घेऊन आला होता, त्याचं न बोलणं उद्धटपणा ठरलं. उन्हाळ्यात तो तोंडीला गेला, परीक्षकांसमोर घामानं भिजून उभा राहिला आणि नापास झाला. आम्ही बाकीचे पास झालो.

मी पुढच्या शिक्षणाला धुळ्याला आलो. तो आणि त्याची बहीण अर्ज करत राहिले. त्यानं बोलावलं की मी बसनं जळगावला जायचो, कार्यालयाबाहेर त्याच्याशेजारी उभा राहायचो. घरी आबा म्हणायचे, "त्यांचं ते पाहून घेतील, तू कशाला पडतो मधी?" मी एकदाच म्हणालो, "आबा, त्यानं एकट्यानं का पाहायचं?"

परवा मेसमध्ये जेवत होतो, तेव्हा त्याचा मेसेज आला. तो लिहितो तसाच, एकेक वाक्य सुटं.

"सरांची बदली झाली. नवीन मॅडमनी तोच अर्ज वाचला. म्हणाल्या, मग द्या की याला कागद, अडलं कुठं होतं? शेजारच्या खोलीत बसून लिहिलं. आज निकाल लागला. पास. वर्ष गेलं."